लिंक अ‍ॅपऐवजी वेबसाइटवर उघडणे

मोबाइलवर एखाद्या लिंकवर टॅप केले की संबंधित अ‍ॅप उघडेल, अशी वापरणाऱ्याची अपेक्षा असते. अ‍ॅप फोनमध्ये असते, त्यात लॉगिनही झालेले असते. तरीही बरेचदा ब्राउझर उघडतो, वेबसाइट येते आणि पुन्हा मोबाइल नंबर व ओटीपी मागते. याला फोनचा बिघाड समजले जाते, पण अँड्रॉइड आणि आयफोनची आयओएस या दोन्ही प्रणालींत वेबच्या पत्त्यावर वेबसाइट उघडणे हाच नियम आहे आणि अ‍ॅप उघडणे हा अपवाद. तो अपवाद लागू होण्यासाठी अ‍ॅप, वेबसाइट आणि फोन या तिघांकडची माहिती जुळावी लागते. कुठे काही जुळले नाही, तर प्रणाली चकार शब्द न काढता ब्राउझरकडे वळते. काय चुकले हे सांगणारा संदेशच दिसत नसल्याने दोष नेमका कुणाचा, हे वापरणाऱ्याला कळायला मार्ग उरत नाही.

सुरुवातीच्या काळात अ‍ॅपमध्ये थेट नेण्यासाठी वेगळ्या धाटणीचे पत्ते वापरत. 'एचटीटीपीएस'च्या जागी अ‍ॅपने स्वतःचे नाव घालायचे, उदाहरणार्थ 'व्हॉट्सअ‍ॅप://'. या पद्धतीला स्कीम म्हणतात. तिच्यात दोन उणिवा होत्या. अ‍ॅप फोनमध्ये नसले की लिंक कुठेच जात नसे. आयफोनचा ब्राउझर सफारी तर पत्ताच अवैध असल्याचे सांगे. दुसरी उणीव अधिक गंभीर होती : स्कीमच्या नावावर कुणाचीच मालकी नसे. दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपने तेच नाव नोंदवले तर लिंकमधली माहिती भलत्याच हाती पडू शकत असे.

भारतात ही जुनी पद्धत एका ठिकाणी मात्र जाणूनबुजून टिकवली आहे. पैसे भरताना वापरली जाणारी 'यूपीआय://पे' ही लिंक कुठल्याही एका कंपनीची नाही. फोनमधल्या कोणत्याही यूपीआय अ‍ॅपने तिला प्रतिसाद द्यावा, हाच तिचा हेतू. अँड्रॉइडवर ती टॅप केली की अशा अ‍ॅपची यादी समोर येते. आयफोनवर अशी यादी येत नाही, आणि एकाच स्कीमवर अनेक अ‍ॅपनी हक्क सांगितला तर कोणते उघडेल याची खात्री अ‍ॅपल देत नाही. म्हणून आयफोनसाठी पैसे भरण्याच्या पानावर प्रत्येक अ‍ॅपचे वेगळे बटण ठेवण्याची वेळ येते.

यावरचा उपाय २०१५ मध्ये दोन्हीकडे आला : आयओएस ९ मध्ये युनिव्हर्सल लिंक्स आणि अँड्रॉइड ६ मध्ये अ‍ॅप लिंक्स. आता लिंक साध्या वेब पत्त्याचीच असते. अ‍ॅप असेल तर ती अ‍ॅपमध्ये उघडते, नसेल तर वेबसाइटवर. मात्र 'हे डोमेन (वेबसाइटच्या पत्त्यातले नाव) माझे' असे अ‍ॅपने नुसते म्हणून भागत नाही. दाव्याला सातबारा जोडावा, तशी डोमेनच्या मालकाने आपल्या सर्व्हरवर, 'वेल-नोन' नावाच्या ठरावीक फोल्डरमध्ये, एक फाइल ठेवावी लागते. त्या फाइलमध्ये अ‍ॅपची ओळख लिहिलेली असते.

खरी गोम या फाइलमध्ये आहे. अँड्रॉइडसाठीच्या 'असेटलिंक्स' फाइलमध्ये अ‍ॅपचे पॅकेज नाव (प्रणालीतले त्याचे स्वतंत्र नाव) आणि ते ज्या डिजिटल प्रमाणपत्राने सही केलेले आहे त्याचा, एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने काढलेला ठसा द्यावा लागतो; हा ठसा म्हणजे विसर्गचिन्हासारख्या टिंबांनी जोडलेल्या ३२ जोड्यांची, ६४ अंकाक्षरांची लांबलचक ओळ. डेव्हलपर आपल्या संगणकावरच्या, सही करण्याच्या डिजिटल किल्लीचा ठसा तिथे चिकटवतो, त्याच्या फोनवर सगळे सुरळीत चालते आणि अ‍ॅप प्ले स्टोअरवर जाते. पण प्ले स्टोअरच्या सही-सेवेत ग्राहकाला मिळणाऱ्या प्रतीवर गूगलकडे ठेवलेल्या किल्लीने सही होते. ती किल्ली वेगळी असेल तर ठसाही वेगळा, आणि ग्राहकांच्या फोनवर लिंक वेबसाइटवर जाऊ लागते. 'माझ्याकडे तर चालतंय' हे डेव्हलपरचे ठेवणीतले उत्तर इथे अक्षरशः खरे असते.

इतर अटीही बारीकसारीक आहेत. फाइल एचटीटीपीएसवरच हवी, आणि वाटेत दुसऱ्या पत्त्यावर पाठवणी झालेली चालत नाही. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावलेले आणि न लावलेले डोमेन वेगवेगळी धरली जातात. अँड्रॉइड ११ पर्यंत तर दावा केलेल्या डोमेनच्या यादीतल्या एकाची पडताळणी फसली की सगळ्यांचीच फसत असे. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ ने प्रत्येक डोमेन स्वतंत्रपणे तपासायला सुरुवात केली, पण दुसऱ्या बाजूने नियम कडक केला. आधी पडताळणी न झालेले अ‍ॅपही 'कशातून उघडायचे' या यादीत दिसत असे. आता अशी लिंक थेट ब्राउझरमध्ये जाते. काल चालणारी लिंक फोन अपडेट झाल्यावर अचानक वेबसाइटवर जाऊ लागली, त्यामागे अनेकदा हाच बदल होता.

आयफोनवर आणखी एक पेच आहे. आयओएस १४ पासून ही फाइल फोन सर्व्हरवरून थेट आणत नाही, ती अ‍ॅपलच्या मधल्या साठ्यातून येते, आणि अ‍ॅप बसवल्यानंतर फोन साधारण आठवड्यातून एकदा नवी प्रत आहे का ते पाहतो. त्यामुळे चूक दुरुस्त केली तरी परिणाम दिसायला वेळ लागतो. शिवाय सफारीच्या पट्टीत पत्ता स्वतः टाइप केला तर अ‍ॅप उघडत नाही. एखाद्या साइटवर असताना त्याच साइटची लिंक टॅप केली तरी सफारी तिथेच ठेवते आणि फार तर वर अ‍ॅप उघडण्याची पट्टी दाखवते. ब्राउझरमध्ये चाललेले वाचन मध्येच तोडू नये, हा त्यामागचा विचार योग्यच म्हणावा लागेल.

सर्वाधिक त्रास मात्र समाजमाध्यमांच्या अ‍ॅपमधल्या अंतर्गत ब्राउझरचा होतो. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमध्ये लिंक टॅप केली की ती बहुधा त्याच अ‍ॅपच्या पोटात उघडते. फोनच्या मुख्य ब्राउझरमधले लॉगिन तिथे उपलब्ध नसते आणि लिंक दुसऱ्या अ‍ॅपकडे जाऊ द्यायची की नाही, हे ते यजमान अ‍ॅप ठरवते. वाचक बाहेर पडू नये यात त्याचा स्वार्थ असतो. ही तांत्रिक अडचण नसून व्यवसायाची निवड आहे.

मधले दलाल हे आणखी एक कारण. जाहिरातीच्या ईमेलमधली लिंक किती जणांनी टॅप केली हे मोजण्यासाठी ती मेल पाठवणाऱ्या सेवेच्या डोमेनवरून फिरवली जाते. फोनला दिसते ते हे मधले डोमेन, कंपनीचे नव्हे. त्या डोमेनवरही ओळखीची फाइल ठेवली नसेल तर अ‍ॅप उघडेलच असे नाही. गूगलची फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही, लिंक अशा मधल्या डोमेनवरून योग्य ठिकाणी नेण्यासाठी अनेकांनी वापरलेली सेवा २५ ऑगस्ट २०२५ रोजी बंद झाली आणि तिच्यावर बेतलेल्या जुन्या लिंक निकामी झाल्या.

वापरणाऱ्याच्या हाती थोडेच उपाय असतात. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर 'बाय डीफॉल्ट उघडण्या'चा पर्याय असतो. तिथे पडताळणी न झालेली डोमेनही स्वतः जोडता येतात. समाजमाध्यमाच्या अंतर्गत ब्राउझरमध्ये अडकल्यास कोपऱ्यातल्या तीन टिंबांतून बाहेरच्या ब्राउझरमध्ये जाता येते. आयफोनवर लिंक दाबून धरली की अ‍ॅपमध्ये उघडण्याचा पर्याय दिसतो आणि तो निवडल्यावर पुढच्या वेळीही प्रणाली बहुतेक तीच निवड पाळते. तो पर्याय यादीत दिसलाच नाही, तर त्या लिंकसाठी फोनने अ‍ॅपचा दावा मान्य केलेला नाही. दुरुस्ती वेबसाइट चालवणाऱ्यालाच करावी लागते.