पडदा काळा करायचा की शो बंद? ‘बी’ आणि ‘एस्केप’मधला फरक

तासगाव-पलूसकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या चर्चासत्रात हे हमखास दिसतं. बारावी स्लाइड चालू असते, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारतं, “साहेब, खरड छाटणी उशिरा झाली तर काय?” वक्त्याला लोकांकडे बघून बोलायचं असतं, म्हणून तो कीबोर्डवरचं एस्केप दाबतो. खरं तर तिथं ‘बी’ हे बटण हवं असतं.

पॉवरपॉइंटमध्ये शो चालू असताना बी (किंवा पूर्णविराम) दाबलं की पडदा काळा होतो, पण शो बंद होत नाही. पुन्हा बी दाबा, तीच स्लाइड तिथूनच पुढे. पाचपैकी तीन मुद्दे आले असतील तर तीनच दिसतात. फळा पांढरा असेल आणि त्यावरच मार्करनं आकृती काढायची असेल, तर डब्ल्यू (किंवा स्वल्पविराम) दाबा. पडदा पांढरा होतो, उजेडही मिळतो.

एस्केपनं शोच संपतो. लॅपटॉप आणि प्रोजेक्टरवर एकच चित्र असेल, तर पॉवरपॉइंटची अख्खी खिडकी पडद्यावर येते: डावीकडे पुढच्या स्लाइडांची चित्रं, खाली तुमच्या नोट्स. जे उत्तर तुम्ही दोन स्लाइडांनी देणार होतात, ते लोक आधीच वाचतात. स्लाइडवर पॉवरपॉइंटच्याच पेननं खुणा केल्या असतील तर पहिल्या एस्केपला फक्त पेन सुटतो. दुसऱ्यांदा दाबल्यावर शो संपतो आणि खुणा ठेवायच्या का, ही चौकट भर पडद्यावर उघडते.

एस्केप दाबलंच गेलं, तर घाईत एफ५ दाबू नका. त्यानं पहिल्या स्लाइडपासून सुरुवात होते. शिफ्ट धरून एफ५ दाबा, म्हणजे आहात त्याच स्लाइडवर शो उघडेल. मात्र त्या स्लाइडवरचं अ‍ॅनिमेशन पुन्हा पहिल्या मुद्द्यापासून. बऱ्याच लॅपटॉपवर सोबत एफएनही दाबावं लागतं. गूगल स्लाइड्समध्ये बी तसंच चालतं, पण चालू स्लाइडपासून सुरू करायला कंट्रोल आणि एफ५.

जुनी स्लाइड दाखवायलाही बाहेर पडायची गरज नाही. शो चालू असतानाच ७ टाइप करून एंटर दाबा, सातवी स्लाइड येते. मग १२ आणि एंटर, परत मूळ जागी. महत्त्वाच्या स्लाइडांचे क्रमांक कागदावर लिहून समोर ठेवावेत, ऐनवेळी आठवत नाहीत.

रिमोट वापरणाऱ्यांनी सभेआधी प्रत्येक बटण दाबून बघाच. काळ्या पडद्याचं बटण बहुतेक रिमोटवर वेगळं असतं. पण काहींवर शो सुरू करायचं बटण दुसऱ्यांदा दाबलं की एस्केपचं काम करतं आणि तिसऱ्यांदा एफ५चं, म्हणजे थेट पहिली स्लाइड.

आणखी एक काळा पडदा फसवतो: शेवटच्या स्लाइडनंतरचा. त्यावर वरच्या बाजूला बारीक अक्षरांत शो संपल्याची सूचना असते. ती न बघता पुढचं बटण दाबलं की शो बंद. तिथं डावा बाण दाबा, शेवटची स्लाइड परत येते आणि प्रश्नोत्तरं होईपर्यंत त्यावरचा तुमचा फोन नंबर लोकांसमोर राहतो.