‘नवे पर्व’ म्हणजे नेमके किती? मालिकांच्या प्रतीक्षेची पार्श्वभूमी

एखाद्या आवडत्या मालिकेचे नवे पर्व जाहीर होते, तेव्हा त्यात सहा भाग असतील की बावीस, ते एका रात्रीत हाती पडतील की तीन महिने पुरतील, आणि त्यानंतरचे पर्व पुढच्या वर्षी येईल की तीन वर्षांनी, यांपैकी काहीही त्या एका शब्दावरून कळत नाही. आज लोक ज्या मालिका पाहत आहेत आणि ज्यांच्याकडे डोळे लावून बसले आहेत, त्यांच्याविषयीची बरीचशी नाराजी या संदिग्धतेतून आली आहे. ‘पर्व’ किंवा ‘सीझन’ हे माप एके काळी अगदी ठरलेले होते. ते कशामुळे ठरले आणि पुढे कसे सैल होत गेले, एवढाच या टिपणाचा विषय आहे.

क्रमशः प्रसिद्ध होणारी कथा टेलिव्हिजनपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १८३६ च्या सुमारास पॅरिसमधील दैनिकांनी कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने छापायला सुरुवात केली. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकी रेडिओवर पंधरा मिनिटांच्या रोजच्या कौटुंबिक कथा आल्या, आणि त्यांच्या प्रायोजकांत साबणाच्या कंपन्या ठळक असल्याने ‘सोप ऑपेरा’ हे नाव रूढ झाले. अशा दैनंदिन मालिकेला पर्व नसते. ‘गायडिंग लाइट’ ही मालिका १९५२ मध्ये रेडिओवरून टेलिव्हिजनवर आली आणि २००९ पर्यंत चालली. पर्व हे साप्ताहिक मालिकांचे माप आहे आणि ते कथेच्या गरजेतून आलेले नाही, जाहिरातींच्या कॅलेंडरमधून आलेले आहे.

वर्षाच्या बावन्न आठवड्यांचे तेरा-तेराचे चार गट पडतात. १९५० च्या दशकात अमेरिकेतील साप्ताहिक मालिका त्यांपैकी तीन गटांइतके, म्हणजे साधारण ३९ भाग करीत आणि उन्हाळ्यातले उरलेले तेरा आठवडे जुन्या भागांच्या पुनर्प्रक्षेपणावर निघत. नवे भाग सप्टेंबरात सुरू होत, कारण उन्हाळा संपून लोक घरी परतलेले असत आणि मोटारींची नवी मॉडेल्सही त्याच सुमारास बाजारात येत असल्याने जाहिरातीचा पैसा तेव्हाच उपलब्ध असे. निर्मितीचा खर्च वाढला तसे भाग घटत गेले आणि पुढे २२ ते २४ या आकड्यावर स्थिरावले. प्रेक्षकसंख्येची मोठी मोजणी नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे या महिन्यांत होई व तीवरून स्थानिक जाहिरातींचे दर ठरत. म्हणून पर्वाचा शेवट मे महिन्यात आणि तो शक्य तितका धक्कादायक, असा प्रघात पडला.

हा प्रघात पक्का करणारी घटना मात्र मार्च महिन्यात घडली. २१ मार्च १९८० रोजी ‘डॅलस’ या मालिकेच्या पर्वाच्या शेवटच्या भागात मुख्य खलपात्रावर गोळी झाडली गेली, आणि ती कोणी झाडली हे कलाकारांच्या संपामुळे थेट २१ नोव्हेंबरला कळले. तो भाग अमेरिकेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला. प्रेक्षकांचा जीव आठ महिने टांगणीला लावता येतो आणि तरीही ते परत येतात, हा धडा सगळ्या वाहिन्यांनी तेव्हापासून गिरवला. त्यापूर्वी बहुतेक मालिका प्रत्येक भागात आपली गोष्ट पुरी करीत, कारण भाग कोणत्याही क्रमाने पुन्हा दाखवता आले तरच पुनर्प्रक्षेपणाचे हक्क चांगल्या किमतीला विकले जात.

आज ज्याला आपण ‘सीझन’ समजतो तो मात्र या मोठ्या वाहिन्यांनी दिलेला नाही; तो १९९९ नंतरच्या केबल वाहिन्यांचा आहे. त्या वर्षी जानेवारीत सुरू झालेल्या ‘दि सोप्रानोज’ने तेरा भागांत एक सलग कथा सांगितली. ती ज्या वाहिनीवर होती, तिचे उत्पन्न जाहिरातींवर नव्हे तर वर्गणीवर चालत असल्याने सप्टेंबर आणि मे यांचे बंधन तिला नव्हते. याच काळात डीव्हीडीच्या संचांमुळे पर्व ही विकत घेऊन फडताळात ठेवण्याची वस्तू झाली. प्रेक्षक शनिवार-रविवारी अख्खा संच संपवू लागले, आणि पुढे ज्याला ‘बिंज’ असे नाव मिळाले ती सवय इथेच लागली. कथेला आदि, मध्य आणि अंत देणारे एकक म्हणून पर्वाला खरी प्रतिष्ठा याच काळात लाभली, असे माझे मत आहे. त्याच मालिकेने दोन पर्वांमधला पहिला मोठा खंडही दाखवला. पाचवे पर्व जून २००४ मध्ये संपले, सहावे मार्च २००६ मध्ये आले, आणि तेही २००६ मध्ये बारा व २००७ मध्ये नऊ भाग असे दोन तुकड्यांत.

गोंधळ सुरू होतो तो या तुकड्यांपासून. वर्षभराच्या अंतराने दाखवलेले दोन तुकडे एकाच पर्वाचे कसे, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आणि त्याचे उत्तर कथेत सापडत नाही. कलाकारांचे करार पर्वांच्या हिशेबाने होतात, त्यामुळे नवे पर्व म्हणजे मानधनाची नवी बोलणी. जुन्याच पर्वाचा ‘उत्तरार्ध’ म्हटले की ती बोलणी टळू शकतात. ‘ब्रेकिंग बॅड’चे पाचवे पर्व २०१२ आणि २०१३ मध्ये आठ-आठ भागांत विभागले गेले आणि त्याच्या दोन्ही अर्धांनी लागोपाठच्या दोन वर्षी सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी हा अमेरिकी टेलिव्हिजन पुरस्कार मिळवला. म्हणजे पर्व कागदावर एकच, आणि पुरस्कारापुरती दोन. याच मालिकेचे पहिले पर्व २००७-०८ च्या लेखकांच्या संपामुळे अवघ्या सात भागांचे झाले होते, तेही पूर्ण पर्व म्हणूनच गणले जाते.

देश बदलला की शब्द आणखी निसटतो. ब्रिटनमध्ये ज्याला ‘सिरीज’ म्हणतात तो अमेरिकेचा ‘सीझन’, आणि त्यात बहुधा सहाच भाग असतात. जपानमध्ये जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा तिमाह्या चालतात, आणि ॲनिमेचे, म्हणजे जपानी चलत्चित्र मालिकांचे, चाहते पर्वाऐवजी ‘कूर’, म्हणजे अशा एका तिमाहीत चालणारा भागांचा गट, मोजतात. एक पर्व दोन कूरचे असू शकते आणि मध्ये मोठा खंडही पडू शकतो. ‘मनी हाइस्ट’ या नावाने जगभर पोहोचलेली स्पॅनिश मालिका २०१७ मध्ये मायदेशी लांबलचक पंधरा भागांची होती. ऑनलाइन सेवेने त्यांचे लहान बावीस भाग केले आणि त्यांना ‘पार्ट एक’ व ‘पार्ट दोन’ अशी नावे दिली. शेवटचा ‘पार्ट पाच’ पुन्हा दोन ‘व्हॉल्यूम’मध्ये आला. मराठीत तर हे सांगणेही अवघड होते, कारण ‘भाग’ हा शब्द आपण एपिसोडसाठी आधीच वापरून टाकला आहे, आणि ‘तिसऱ्या भागाचा पाचवा भाग’ असे लिहिण्याची पाळी येते. ‘पर्व’ हा शब्द महाभारतातून आलेला असल्याने त्यात स्वयंपूर्ण खंडाचा अर्थ आहे. तो सात सुट्या भागांच्या तुकड्याला लावणे मला पटत नाही, पण दुसरा शब्द रुजलेला नाही हेही खरे.

१ फेब्रुवारी २०१३ रोजी एका ऑनलाइन सेवेने आपल्या राजकीय नाट्यमालिकेचे तेराही भाग एकाच वेळी खुले केले. त्याच्या वर्षभर आधी तिने एका लहान मालिकेवर हा प्रयोग करून पाहिला होता, पण वाद पेटला तो या वेळी. सेवेची बाजू सरळ होती. प्रेक्षक डीव्हीडीचे संच असेच पाहतात, आणि वर्गणी घेणाऱ्याला ठरावीक वारी ठरावीक वेळी प्रेक्षक गोळा करण्याची गरजच नसते. विरोधकांचे म्हणणे असे की भागाभागावर होणारी चर्चा यामुळे विरून जाते, कोणी कुठवर पाहिले आहे हे न कळल्याने बोलायचीही चोरी होते, आणि वर्षभर खपून केलेले काम दोन आठवड्यांत लोकांच्या बोलण्यातून नाहीसे होते. २०१९ च्या अखेरीस सुरू झालेल्या एका मोठ्या सेवेने आठवड्याला एक भाग ही जुनी रीत पुन्हा स्वीकारली, ती याच कारणांमुळे. सवय मात्र एव्हाना बदलली होती. ‘द बॉइज’च्या दुसऱ्या पर्वाचे पहिले तीन भाग सप्टेंबर २०२० मध्ये एकदम आणि उरलेले आठवड्याला एक असे येऊ लागले, तेव्हा अनेक प्रेक्षकांनी केवळ त्या रागापोटी मालिकेला नीचांकी गुण दिले.

त्यांचा राग मला समजतो, तरी तो चुकीच्या ठिकाणी निघाला असे वाटते. आठवडाभराची वाट गोष्टीचाच एक भाग असते. माणूस त्या काळात तर्क लढवतो, मागचे आठवतो, कुणाशी तरी वाद घालतो. दोन पर्वांमधली तीन वर्षांची वाट तशी नसते, कारण तोवर मागची गोष्टच विसरलेली असते. भाग कमी झाले आणि प्रत्येक भाग चित्रपटाच्या तोलामोलाचा करण्याचा आग्रह वाढला, तशी ही वाट लांबत गेली. २०२३ मधील लेखकांचा १४८ दिवसांचा आणि कलाकारांचा ११८ दिवसांचा संप तिच्यात भर घालून गेला, पण तिचे मूळ त्याआधीचे आहे. ‘सेव्हरन्स’चे पहिले पर्व एप्रिल २०२२ मध्ये संपले आणि दुसरे जानेवारी २०२५ मध्ये आले. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ २०१६ मध्ये सुरू होऊन २०२५ च्या शेवटी संपली. पाच पर्वे, एकूण ४२ भाग. वर्षाला बावीस भागांच्या जुन्या हिशेबाने हे काम दोन वर्षांतच झाले असते. बालकलाकार तेवढ्यात प्रौढ झाले. सगळे भाग एकदम देण्याची रीत ज्या सेवेने रुजवली, तिनेच या मालिकेचे शेवटचे पर्व तीन हप्त्यांत दिले, अमेरिकी वेळेनुसार २६ नोव्हेंबरला चार भाग, नाताळच्या दिवशी तीन आणि ३१ डिसेंबरला एक.

याच्या उलट टोकाला ‘द पिट’ ही रुग्णालयातील मालिका आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी पहिले दोन भाग, मग आठवड्याला एक, असे पंधरा भाग १० एप्रिलपर्यंत चालले, आणि दुसरे पर्व ८ जानेवारी २०२६ रोजी, म्हणजे वर्षाच्या आत, सुरू झाले.