दिवाळीचा रंग आणि भिंतीतले पाणी

दसरा उलटला की रंगाच्या दुकानात गर्दी होते. पाहुणे यायच्या आत घर उजळायचे असते, म्हणून रंगारी चार-पाच दिवसांत भिंत खरवडतो, पुट्टी भरतो, रंगाचे दोन हात मारतो आणि पुढच्या घरी जातो. लक्ष्मीपूजनाला भिंत सुरेख दिसते. फेब्रुवारीच्या सुमारास सोफ्यामागे एक फुगवटा दिसू लागतो. बोटाने दाबला की तो पापडासारखा मोडतो आणि आतून पांढरी भुकटी सांडते. मग दोष रंगाच्या डब्याला दिला जातो, नाहीतर रंगाऱ्याला. खरे कारण बहुतेक वेळा असे असते की भिंत वाळायच्या आतच तिच्यावर झाकण घातले गेले.

मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर आहे. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते. म्हणजे भिंतीला वाळायला एक ते पाच आठवडे मिळतात. चार महिने पश्चिमेचा पाऊस झेललेल्या भिंतीला ते पुरतात का, हे एका हिशोबाने पाहता येते. भारतीय मानकाप्रमाणे चांगल्या भाजलेल्या साध्या विटेने आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये. 3 किलोच्या विटेत म्हणजे 600 ग्रॅमपर्यंत पाणी मावते. 9 इंची भिंतीच्या एका चौरस मीटरमध्ये अशा सुमारे 115 विटा असतात. भिंत पूर्ण भिजली तर तेवढ्या तुकड्यातच साठ लिटरहून अधिक पाणी बसते. प्रत्येक भिंत इतकी भिजत नाही, पण याच्या पाव हिस्सा पाणीही पंधरा लिटर होते, आणि ते बाहेर पडायला रंगाच्या थरातून वाट हवी.

ओली भिंत वाळायला जाडीच्या दर इंचामागे साधारण एक महिना लागतो, असा बांधकामातला ढोबळ आडाखा आहे. दोन्ही बाजूंनी वारा लागला, ऊन मिळाले, तर वेळ कमी होतो. बाहेरून प्लास्टिक रंग आणि आतून कपाट असेल तर वाढतो. वाळण्याचे दोन टप्पे असतात. आधी आतले पाणी विटेच्या बारीक छिद्रांतून द्रवरूपातच पृष्ठभागापर्यंत येते आणि तिथे उडून जाते. हा टप्पा झपाट्याने उरकतो. मग वरचा थर कोरडा पडतो, पाण्याची कड आत सरकते, आणि तिथून पुढे ते वाफेच्या रूपातच, कोरड्या छिद्रांतून हळूहळू बाहेर येते. त्यामुळे हात लावून पाहिलेली भिंत फसवते. वरचा सेंटिमीटरभर गिलावा ठणठणीत कोरडा आणि त्यामागची वीट गच्च ओली, हे ऑक्टोबरमध्ये नेहमीचेच असते.

लोणा कसा फोडतो

पाणी एकटे रंगाचे एवढे नुकसान करत नाही. ते सोबत क्षार आणते. विटेच्या मातीत, सिमेंटमध्ये, न धुतलेल्या खाडीच्या वाळूत, बोअरच्या खाऱ्या पाण्यात आणि जोत्याखालच्या जमिनीत क्षार असतात. जुन्या गोठ्याला किंवा संडासाला लागून असलेल्या भिंतीत नायट्रेटही सापडतात. पाणी उडून जाते तिथे क्षार मागे राहतात. भिंत उघडी असेल तर ते वर येऊन पांढरी बुरशी वाटावी असे फुलतात. त्यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. तो दिसायला वाईट, पण झाडून काढता येतो. वर रंगाचा दाट थर असेल, तर तेच स्फटिक रंगामागे किंवा गिलाव्याच्या आत तयार होतात आणि वाढण्यासाठी जागा ढकलून घेतात.

यातला सर्वांत विध्वंसक क्षार सोडियम सल्फेट. ओलावा असताना 32.4 अंश सेल्सिअसच्या खाली तो पाण्याचे दहा रेणू धरून ठेवतो आणि त्याचा स्फटिक कोरड्या रूपाच्या जवळजवळ चौपट मोठा होतो. त्या तापमानाच्या वर तो पाणी सोडून आकसतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पश्चिमेची भिंत दुपारी तापते, पहाटे गार होते आणि आत थोडी ओल शिल्लक असते. गिलाव्याच्या छिद्रांत ही फुगण्याआकसण्याची क्रिया रोज चालू राहते. दिवाळीला लावलेला रंग दिवाळीत न पडता दोन-तीन महिन्यांनी पडतो, त्यात या फुगण्याचा मोठा वाटा असतो.

साध्या मिठाची तऱ्हा वेगळी. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली वाफ ओढून स्वतःच विरघळते. स्वयंपाकघरातले मीठ जुलैत ओले होते, तेच भिंतीतही घडते. त्यामुळे पाइप धड आहे, गच्ची धड आहे, भेग कुठेही नाही आणि तरी पावसाळ्यात भिंतीवर ओले डाग उमटतात, अशी घरे किनाऱ्यावर भरपूर आहेत. तिथे गळती शोधून काही हाती लागत नाही. मिठाने भरलेला गिलावा काढून टाकणे हाच उपाय.

या ठिकाणी एक चूक सर्रास होते आणि ती थांबायला हवी. लोणा घालवण्यासाठी काही जण भिंत ॲसिडने धुतात. हायड्रोक्लोरिक आम्ल गिलाव्यातल्या चुन्याशी मिळून कॅल्शियम क्लोराइड बनवते. कपाटातली ओल शोषण्यासाठी ज्या डब्या मिळतात, त्यांत हाच पदार्थ भरलेला असतो. म्हणजे ओल घालवायला निघालेला माणूस हवेतले पाणी ओढणारे रसायन स्वतःच्या हाताने भिंतीत पेरतो. लोणा पाण्यानेही धुवू नये, कारण विरघळलेला क्षार परत आत जातो. कडक कोरड्या ब्रशने झाडावा, खाली कागद पसरून भुकटी गोळा करावी आणि घराबाहेर टाकावी. आठवड्याने पुन्हा पाहावे. तो पुन्हा आला असेल तर भिंतीतून अजून पाणी चालते आहे.

पाणी कुठून येते

ओल चार वाटांनी येते आणि प्रत्येकीचा उपाय निराळा असतो. म्हणून आधी निदान, मग खर्च.

पहिली चाचणी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची. डागावर सुमारे दीड फूट लांबरुंद तुकडा ठेवावा, चारही कडा रुंद चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात आणि 24 तासांनी पाहावे. थेंब फॉइलच्या मागे असतील तर पाणी भिंतीतून येते आहे. पुढच्या, खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीतली वाफ गार भिंतीवर निवते आहे. दोन्ही बाजू कोरड्या असतील तर डाग जुना आहे. दुसऱ्या प्रकारात वॉटरप्रूफिंगचा खर्च निव्वळ वाया जातो. तिथे हवा पंखा, बाथरूमची उघडी खिडकी, आणि भिंतीपासून तीन-चार बोटे पुढे ओढलेले कपाट.

पाणी भिंतीतूनच येत असेल तर डागाचा आकार बोलतो. जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत चढलेली, वर नागमोडी कड असलेली आणि वर्षभर टिकणारी ओल जमिनीतून येते. बारीक छिद्रांतून पाणी वर चढण्याच्या या क्रियेला केशाकर्षण म्हणतात. छिद्र जितके अरुंद, तितके पाणी उंच. 0.1 मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे 15 सेंटिमीटर चढते, त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या नळीत दीड मीटर. प्रत्यक्ष भिंतीत ते वाटेत उडत जाते, म्हणून बहुधा मीटरभरावर थांबते. ही उडण्याची वाट बंद केली की पाणी आणखी वर जाते. ओल लपवायला चार फुटांपर्यंत टाइल लावली आणि दोन वर्षांनी टाइलच्या वरच्या कडेला पोपडे धरले, असे दिसते ते यामुळेच.

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून, किंवा काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत मिळतात त्या उभ्या रेघेतून आलेली ओल पावसाची. खांब आणि वीट उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात हलतात, म्हणून तिथे हटकून भेग पडते. गिलाव्याआधी त्या सांध्यावर सहा ते आठ इंच रुंद चिकन मेशची जाळी ठोकायची असते. ती वगळली की भेग ठरलेली. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेजवळ, बोटभर रुंदीची खाच आहे का तेही पाहावे. पाणी काँक्रीटला चिकटून छज्ज्याच्या पोटाखालून उलटे भिंतीकडे येते. खाच त्याची वाट तोडते आणि थेंब तिथेच खाली पडतो. एवढीशी खाच राहून गेल्यामुळे दर वर्षी खिडकीवरचा पट्टा काळा पडतो.

बाथरूमच्या मागची किंवा खालच्या फ्लॅटच्या छतावरची ओल ऋतू पाळत नाही. ती फरशीतून येते की पाइपातून, हे फोडाफोडी न करता कळते. नहाणी ट्रॅपचे तोंड प्लास्टिक आणि फडक्याने घट्ट बंद करून अडीच सेंटिमीटर पाणी साठवावे, पातळीवर पेन्सिलीची खूण करावी आणि 24 तास बाथरूम वापरू नये. खुणेपासून पाणी स्पष्ट उतरले आणि खालचा डाग वाढला तर फरशीचे सांधे किंवा ट्रॅपची कड दोषी. पातळी टिकली तर फ्लॅटचा मुख्य कॉक शक्य तितका वेळ, दोन दिवस तरी, बंद ठेवून डाग सुकू लागतो का ते पाहावे. सुकला तर पुरवठ्याचा पाइप. जुन्या बाल्कनीत किंवा गच्चीत मात्र असे पाणी तुंबवण्याआधी अभियंत्याला विचारावे, कारण 5 सेंटिमीटर पाण्याचे वजन दर चौरस मीटरला 50 किलो होते. छतावर तांबूस रेघा असतील आणि काँक्रीटच्या खपल्या निघत असतील तर रंगाऱ्याला बोलावूच नये. आतली सळई गंजून फुगते आहे आणि तो इमारतीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

दुरुस्ती, तिच्या क्रमाने

पाण्याचा उगम बंद झाल्यावरच आतल्या कामाला हात घालावा. जमिनीतून चढणाऱ्या ओलीसाठी सर्वांत स्वस्त उपाय घराबाहेर असतो: भिंतीला टेकलेली माती, कुंड्या, उंचावलेले पेव्हर काढून बाहेरची जमीन जोत्याच्या पातळीपेक्षा किमान 15 सेंटिमीटर खाली आणावी आणि पागोळ्यांचे पाणी दूर वळवावे. पुष्कळ घरांत ओल एवढ्यानेच उतरते. जोत्यात ओलरोधक थरच नसेल तर खालच्या आडव्या दर्जेत (दोन विटांमधल्या मसाल्याच्या सांध्यात) 12 मिलिमीटरची भोके, 12 सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता पाडून त्यात सिलेनची क्रीम भरतात. ती छिद्रांच्या आतल्या पृष्ठभागाला पाणी नकोसे करते. भोके विटेत न पाडता दर्जेतच हवीत, कारण वरच्या विटेला पाणी मिळते ते त्या दर्जेतूनच.

मग खारावलेला गिलावा ओलीच्या कडेच्या फूटभर वरपर्यंत तोडावा. नेमक्या कडेपर्यंत तोडला तर क्षारांचा सर्वांत दाट पट्टा भिंतीतच राहतो आणि नव्या-जुन्याच्या सांध्यावर पुन्हा फुगतो. दर्जा 12 ते 15 मिलिमीटर खोल खरडून भिंत उघडी ठेवावी. हे उघडे राहणे लोकांना सोसवत नाही, पण सारे काम यावरच टिकते. निदान काही आठवडे, जमल्यास जानेवारी ते मार्च, पंखा चालू आणि खिडक्या उघड्या.

बाहेरच्या बाजूला 1:4 प्रमाणाचा 12 मिलिमीटर गिलावा करायचा तर 100 चौरस फुटांना साधारण एक पोते सिमेंट आणि पाच घनफूट वाळू लागते. पाणी पिण्याचे वापरावे, शिंपणासाठीसुद्धा. सात दिवस शिंपून झाल्यावर आणखी तीन आठवडे तरी सुकू द्यावा. ताजे सिमेंट तीव्र आम्लारिधर्मी (अल्कली) असते, त्याचा सामू (pH) 12 च्या वर जातो. त्यावर ऑइल पेंट लावला तर तेलाचा साबण होतो आणि थर चिकट होऊन सुटतो.

पुट्टी सिमेंटची घ्यावी. जिप्सम पाण्यात थोडे का होईना विरघळते, ओलीच्या भिंतीवर ते मऊ पडते. चांगल्या पृष्ठभागावर दोन हातांना किलोमागे 12 ते 14 चौरस फूट हा अंदाज धरावा, म्हणजे 10 बाय 10 फुटांच्या भिंतीला सुमारे आठ किलो. दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. भिंतीचा बाक पुट्टीने भरून काढायचा मोह होतो, तिथेच जाड पापुद्रा सुटतो. बाक गिलाव्यानेच काढावा. प्रायमर अल्कली सोसणारा, पाण्याचा.

कोकणातल्या जुन्या जांभ्याच्या घरांना हा सिमेंटचा क्रम लावू नये. जांभा सच्छिद्र असतो, पाणी घेतो आणि सोडतो. चुन्याचा गिलावा त्या वाफेला वाट देतो. त्यावर सिमेंटचा घट्ट थर आणि वर प्लास्टिक रंग चढला की पाणी दगडात कोंडते. अशा घरात चुन्यानेच दुरुस्ती करावी.

दिवाळी तोंडावर आहे आणि भिंत ओली आहे, तर काय करावे? कोरड्या आतल्या भिंती रंगवून घ्याव्यात. ओल्या भिंतीचा सुटलेला रंग गिलाव्यापर्यंत खरवडून तिला चुन्याचा हात द्यावा, कारण प्लास्टिक रंगावर चुना धरत नाही. किलोभर चुना पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, फडक्याने गाळावा आणि पातळ दोन-तीन हात मारावेत. चुना पक्का बसावा म्हणून त्यात मीठ घालण्याची जुनी पद्धत आहे, ती इथे टाळावी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो, तरी त्यातून वाफ जात राहते आणि भिंत वाळत राहते. डोळ्यांना आणि कातडीला तो भाजतो, तेव्हा चष्मा आणि हातमोजे घालावेत.

पुढच्या जुलैत, पाऊस चालू असताना, त्या भिंतीवर ओलीची कड पेन्सिलीने आखून शेजारी तारीख लिहावी. तीच रेघ ऑक्टोबर आणि जानेवारीत पुन्हा आखावी. जानेवारीची रेघ खाली आली असेल आणि फॉइलच्या मागे थेंब नसतील, तेव्हा रंगाऱ्याला फोन करावा.