काटा शून्यावर आहे, म्हणून गेज बरोबर?

गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरचं प्रेशर गेज जवळून पाहा. चांगल्या गेजच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरांत १.६ किंवा २.५ असा आकडा छापलेला असतो. तो त्याच्या अचूकतेचा वर्ग. १.६ टक्के चूक म्हणजे किरकोळ, असं वाटतं खरं, पण हे टक्के कशाचे ते कुणी विचारत नाही. ते काट्याने दाखवलेल्या दाबाचे नसून पूर्ण पट्टीचे असतात. ० ते १० बारच्या (बार हे दाब मोजायचं एकक) गेजला ०.१६ बार इकडे-तिकडे व्हायची मुभा असते, मग काटा ८ वर असो की १ वर. ८ बारला ही चूक २ टक्के भरते, १ बारला तीच १६ टक्के! 'जरा मोठंच गेज घ्या, टेन्शन नाही' हा दुकानातला सल्ला म्हणूनच मला अर्धवट वाटतो. रोजचं काम ६ बारवर होत असेल, तर १० बारचं गेज घ्यावं. २५ बारचं घेतलं, की मुभा ०.४ बारवर जाते.

आतली रचना यूजीन बूर्दाँ या फ्रेंच माणसाची, पेटंट १८४९ चं. चपटी, इंग्रजी C सारखी वाकवलेली धातूची नळी दाब आला की सरळ व्हायला बघते. तिच्या टोकाची इवलीशी हालचाल दातेरी चाकं वाढवून काट्यापर्यंत पोचवतात.

तपासणीची जुनी आणि आजही भरवशाची पद्धत म्हणजे डेडवेट टेस्टर. तेलावर तरंगणाऱ्या दट्ट्यावर मोजलेली वजनं ठेवायची. वजनाचं बल भागिले दट्ट्याचं क्षेत्रफळ, हा झाला खरा दाब. रीडिंग घेताना वजनं हाताने हळूच फिरती ठेवतात, म्हणजे दट्ट्या घर्षणाने अडकत नाही. दाब चढवताना आणि उतरवताना, दोन्ही वेळा नोंदी करतात, कारण एकाच दाबाला काटा दोन वेगळ्या जागी थांबू शकतो. गेजला हलकी टिचकी मारल्यावर काटा सरकला, तर आतली चाकं अडखळताहेत.

आता शून्याचं. बऱ्याच गेजमध्ये काट्याला अडवायला शून्यापाशी छोटी पिन असते. धक्क्याने काटा आपल्या दांड्यावर मागे सरकला, तरी दाब नसताना तो पिनेला टेकून शून्यच दाखवतो. मग दाब दिला की प्रत्येक रीडिंग कमी येतं. बॉयलरवर ही चूक उलट्या चुकीपेक्षा कितीतरी धोक्याची.