अरुची (उतारवयातील मांजरांची)

दहा-अकरा वर्षांपुढच्या मांजराने वाटीला तोंड न लावणे, नुसता वास घेऊन मागे फिरणे किंवा दोन घास खाऊन उठणे म्हणजे अरुची. हा स्वतंत्र आजार नव्हे, आत चाललेल्या आजाराची खूण आहे. 'म्हातारी झाली, आता एवढंच खाणार' हे वाक्य पुण्याच्या पेठांत ऐकू येते तसे कोथरूड-बाणेरच्या फ्लॅटमध्येही ऐकू येते आणि सर्वांत जास्त दिवस या वाक्यापायीच वाया जातात. वयाने मांजराची झोप वाढते, उडी आखूड होते. अन्नावरची वासना मात्र नुसत्या वयाने उडत नाही.

दिवस मोजायचे ते यकृतासाठी. मांजर उपाशी राहिले की अंगातली चरबी सुटून यकृताकडे येते आणि मांजराच्या यकृताला तो भार पेलत नाही. दोन-तीन दिवसांच्या उपासानेही, विशेषतः अंगाने भरलेल्या मांजराच्या, यकृतात चरबी साठून कावीळ होऊ शकते. हिरड्या, कानाच्या आतली कातडी आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो. म्हणून चोवीस तासांत काहीच पोटात गेले नाही, किंवा तीन दिवस निम्म्यावरच भागले, तर पशुवैद्याकडे न्यावे. सणावारी हा हिशेब हमखास चुकतो. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता, केळकर रस्ता आणि टिळक रस्ता दुसऱ्या दिवसापर्यंत ढोल-ताशांनी दणाणत असतात. मांजर पलंगाखाली जाऊन बसते, 'आवाजाला घाबरलीय' म्हणून घरचे थांबतात. घाबरलेले मांजर आवाज थांबल्यावर काही तासांत वाटीकडे येते. तरीही आले नाही, तर कारण मिरवणुकीत शोधू नये.

मराठीत 'खात नाही' याचे दोन अर्थ निघतात आणि मांजराच्या बाबतीत ते वेगळे काढण्यातच निम्मे निदान आहे: खाता येत नाही, की खावेसे वाटत नाही?

खाता न येणारे मांजर भुकेले असते. ताटलीपाशी धावत येते, घास उचलते, मान तिरकी करून चावते, खाली टाकते. क्वचित गुरगुरून पळते. दाताची मुळे आतून झिजणे, हिरड्यांची व तोंडाची सूज, जिभेखालची गाठ ही त्याची कारणे. सांधेही विसरू नयेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा नव्वद मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यात झीज दिसली. मुंग्यांच्या भीतीने आपल्याकडे वाटी ओट्यावर नाहीतर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची पद्धत आहे; तरुणपणी सहज चढणाऱ्या भाटीला ती उंची आता झेपत नसते. वाटी जमिनीवर, पाणी घातलेल्या पसरट ताटलीत ठेवली की मुंग्याही लागत नाहीत.

खावेसे न वाटणाऱ्या मांजराला बहुधा मळमळत असते. ते ओठ चाटते, लाळ गिळते, वाटीकडे पाहून तोंड फिरवते. उतारवयात याचे सर्वांत नेहमीचे कारण मूत्रपिंडाचा जुनाट विकार. पाणी जास्त पिणे, मातीच्या ट्रेमध्ये लघवीचे मोठे गोळे होणे आणि वजन उतरणे ही त्याची आधीची लक्षणे. रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ), पोटॅशियम, फॉस्फरस, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी आणि रक्तदाब यांवरून तो किती पुढे गेला आहे ते कळते. आतड्यांची सूज, लसिकापेशींचा कर्करोग, स्वादुपिंडाचा दाह यांसाठी सोनोग्राफी लागते. थायरॉइड वाढल्यास बहुतेक मांजरे जास्त खाऊनही वाळतात, थोडी मात्र खाणेच सोडतात. सर्दीने नाक चोंदले तरी तेच होते, कारण मांजर आधी वासाने जेवते. गोडाची चव तर त्याला कळतच नाही; जिभेवर ती चव टिपणाऱ्या रचनेचे एक जनुक मांजरात निकामी असल्याचे २००५ साली दिसून आले.

दूध-पोळीचे काय, हा पुण्यात नेहमी येणारा प्रश्न. जुन्या वाड्यातले मांजर दूध-पोळीवर जगे असे आपण म्हणतो. खरे तर ते उंदीर आणि पाखरांवर जगे, दूध-पोळी वरची असे. चौथ्या मजल्यावरच्या मांजराला शिकार नाही. त्याला मांसातूनच मिळणारे टॉरिन न मिळाल्यास हृदय आणि दृष्टी बिघडते, आणि मोठ्या मांजराला दूध पुष्कळदा पचत नाही. ज्या घरात मांस-मासळी शिजत नाही, तिथे तयार ओल्या अन्नाची पाकिटे हा सरळ मार्ग आहे.

घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. अन्न अंगाइतके, म्हणजे साधारण अडतीस अंश कोमट करून द्यावे, वास उठतो. कांदा, लसूण, मीठ न घालता उकडलेले चिकन किंवा त्याचे पाणी वरून घालावे. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सुकट-बोंबलाचा वास कितीही ओढून घेत असला तरी मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते मीठ नको. एप्रिल-मेच्या उकाड्यात ओले अन्न अर्ध्या तासापुढे ठेवू नये. वाटी मातीच्या ट्रेपासून लांब हवी, आणि घरात तरुण बोका असेल तर म्हातारीचे पान वेगळ्या खोलीत. आठवड्याला वजन करावे: चार किलोचे मांजर तीन किलो सहाशेवर आले, तर दहावा हिस्सा गेला, आणि रोज उचलणाऱ्या हातांना ते कळत नाही. माणसांचे पॅरासिटामॉल मुळीच देऊ नये. एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

सिरिंजने बळेच भरवणे प्रेमापोटी होते, पण त्यात घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि मळमळत असताना भरवलेल्या अन्नाचा मांजर तिटकारा धरू शकते. आधी मळमळ थांबवावी, मग भूक वाढवावी, हा क्रम डॉक्टर पाळतात. मारोपिटंट उलटीवर देतात, मिर्टाझेपिन भुकेसाठी. मिर्टाझेपिन हे मूळचे माणसांचे नैराश्यावरचे औषध. कानाच्या आतल्या बाजूला लावायचे त्याचे मांजरांसाठीचे मलम अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाले. मात्रा डॉक्टरच ठरवतात, कारण मूत्रपिंड-यकृताच्या रुग्णात ती कमी ठेवावी लागते. पाणी कमी पडलेल्या मांजराला कातडीखाली सलाईन देतात, आणि ते घरी द्यायला पुष्कळ जण शिकतात. आजार परतण्यापलीकडे गेला असेल, तर ताटलीकडे पाहणेही सोडलेल्या मांजराला वेदनारहित निरोप द्यायचा का, हा विचार घरच्यांनी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावा.

ज्यांचा आजार अजून आटोक्यात येण्यासारखा आहे, त्या मांजरांसाठी मानेतून अन्ननलिकेत घातलेली नळी हा उपाय आहे. ऐकून घरचे हादरतात आणि नको म्हणतात. मला वाटते, ही भीती अनाठायी आहे. थोडी भूल देऊन ती बसवतात, मग पातळ अन्न आणि औषधे दोन्ही झगडा न करता जातात. चार किलोच्या मांजराला नुसते पडून राहायलाही रोज सुमारे दोनशे किलोकॅलरी लागतात. पण बरेच दिवस उपाशी असलेल्याला पहिल्या दिवशी पाव ते तिसरा हिस्साच देऊन तीन-चार दिवसांत पूर्ण मात्रेवर आणतात, नाहीतर रक्तातले फॉस्फरस आणि पोटॅशियम एकदम घसरते. नळी असतानाही वाटी समोर ठेवलेली असतेच. मांजर आपणहून पुरेसे खाऊ लागले की नळी ओढून काढतात. मानेवरचे छिद्र टाक्यावाचून काही दिवसांत भरून येते.