ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात सायकल कशी पोचली

ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमधून, म्हणजे आतल्या रुक्ष, विरळ वस्तीच्या मुलुखातून, आज एकट्याने सायकल चालवणारे बहुतेक प्रवासी हौसेखातर जातात. सायकल मात्र तिथे प्रथम पोचली ती पोटापाण्याच्या कामासाठी. 1892 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील कूलगार्डी येथे आणि पुढच्याच वर्षी कालगुर्ली येथे सोने सापडले, आणि ज्या मुलुखात वाहती नदी नाही तिथे माणसांची रीघ लागली. घोडा पाळायचा तर त्याच्या चाऱ्याची सोय करावी लागे आणि दुर्मीळ, महागडे पाणीही त्याच्यासाठी विकत घ्यावे लागे. सायकलीला यांपैकी काहीच लागत नसे. हवा भरलेले टायर तोवर प्रचारात आले होते. त्यामुळे टपाल व निरोप पोचवणारे, गावोगाव मेंढ्यांची लोकर कातरत फिरणारे मजूर, आणि पुढे सशांना अडवणाऱ्या लांबच लांब कुंपणाची देखरेख करणारे, असे अनेक जण सायकलीवर दिसू लागले.

धड रस्ते नव्हते, पण उंटांच्या वाटा होत्या. तांडे हाकणाऱ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत असले तरी त्यांच्यात बलुचिस्तान, सिंध आणि पंजाबातले लोकही होते. उंटाच्या रुंद, मऊ पावलांनी चेपून तयार झालेली अरुंद पट्टी सायकलीच्या चाकाला पुरेशी घट्ट असे. सराट्यासारख्या काट्यांवर मात्र फारसा इलाज नव्हता.

याच सोन्याच्या प्रदेशातून आर्थर रिचर्डसन 24 नोव्हेंबर 1896 रोजी निघाला आणि थोडे सामान व पाण्याची पिशवी एवढ्यावर नलारबॉरचे वैराण पठार ओलांडून 31 दिवसांत ॲडलेडला पोचला. पुढच्या वर्षी जेरोम म्युरिफ याने दक्षिण किनाऱ्यापासून डार्विनपर्यंत खंड उभा पार केला, तोही पायजम्याच्या वेशात. त्या उन्हात हा पोशाख वाटतो तितका विक्षिप्त नव्हता. 1899 च्या जूनमध्ये रिचर्डसन पर्थहून पुन्हा निघाला आणि सुमारे 18,500 किलोमीटरची खंडप्रदक्षिणा संपवून 4 फेब्रुवारी 1900 रोजी परतला.

हे प्रवास ‘एकट्याचे’ म्हणताना थोडे जपून म्हणावे. रिचर्डसन आणि म्युरिफ दोघेही टेलिग्राफच्या तारेच्या खांबांच्या आधाराने गेले, आणि वाटेतल्या तारघरांत पाणी व माणसे भेटत. उत्तर-दक्षिण तार 1872 मध्ये पूर्ण झाली, ती मुख्यतः शोधप्रवासी जॉन मॅकडूअल स्टुअर्टच्या मार्गाने. आणि तो मार्ग ज्या पाणवठ्यांवरून जातो ते आदिवासींना हजारो वर्षांपासून ठाऊक होते. विक्रमांच्या नोंदींत हे ऋण क्वचितच दिसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस बर्टल्सने सायकलीवरून हा खंड वारंवार पालथा घातला आणि 1912 मध्ये तो स्वतःच मोटारीकडे वळला. मोटारीमुळे सायकलीचे कामाचे महत्त्व ओसरले. पुढे नलारबॉरवरून जाणाऱ्या आयर महामार्गाचे डांबरीकरण 1976 मध्ये आणि स्टुअर्ट महामार्गाचे 1987 मध्ये पूर्ण झाले, तसे हौशी सायकलस्वार वाढले. तरीही आयर महामार्गावर बॅलडोनिया ते कैगुना या सुमारे 182 किलोमीटरच्या टप्प्यात एकही उपाहारगृह नाही, त्यामुळे तेवढ्या अंतराचे पाणी आजही सायकलीवरच लादून न्यावे लागते.