गालगुंडजन्य वृषणदाह

गालगुंडाच्या विषाणूमुळे वृषणांना येणारी सूज. पॅरामिक्सोव्हायरस कुळातला हा विषाणू लहान मुलाच्या कानाखालच्या लाळग्रंथी सुजवतो. आठ-दहा दिवसांत मूल पुन्हा खेळायला लागते आणि घरचे आजार विसरून जातात. तोच विषाणू वयात आलेल्या, लस न घेतलेल्या मुलाला किंवा पुरुषाला गाठतो तेव्हा शंभरातल्या साधारण 15 ते 30 जणांच्या वृषणांपर्यंत पोहोचतो. विषाणुसंसर्गाने पुरुषाच्या प्रजननक्षमतेला इजा होऊ शकते, याचा वैद्यकाला माहीत असलेला हा फार जुना आणि सर्वांत चांगला अभ्यासलेला दाखला आहे.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीसमधल्या थासोस बेटावर आलेल्या साथीचे वर्णन प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीसच्या नावावर आहे. कानांजवळ सूज, कधी एका बाजूला तर कधी दोन्ही. काहींची वृषणे नंतर दुखून सुजलेली. आणि रुग्ण बहुतेक आखाड्यात, व्यायामशाळेत जाणारे तरुण. आजच्या डॉक्टरालाही या वर्णनात फारशी दुरुस्ती करावी लागणार नाही. 1934 साली जॉन्सन आणि गुडपाश्चर या संशोधकांनी माकडांवर प्रयोग करून या रोगामागे विषाणू असल्याचे सिद्ध केले.

वृषणाभोवती पांढऱ्या, चिवट तंतूंचे आवरण असते. गाल फुगू शकतो, कारण कातडी ताणते. हे आवरण ताणत नाही. आत सूज वाढली की दाब वाढतो, रक्तपुरवठा आवळला जातो आणि शुक्राणू तयार करणाऱ्या केसासारख्या बारीक नलिका चेंगरून मरतात. त्यात तापाची भर पडते, कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा 2 ते 4 अंश सेल्सिअस कमी तापमान लागते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनवणाऱ्या लेडिग पेशींनाही झळ लागते, म्हणून आजारात हे संप्रेरक काही काळ घटते. नुकसान मात्र सरसकट होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एखादी नलिका व्रण धरून घट्ट झालेली दिसते आणि तिच्या शेजारचीच नेहमीसारखी काम करत असते.

गाल सुजल्यावर बहुधा 4 ते 8 दिवसांनी पुन्हा ताप चढतो, थंडी वाजते, उलट्या होतात आणि एक वृषण लाल होऊन इतके दुखते की चादरीचा स्पर्शही नको वाटतो. शंभर रुग्णांतल्या 10 ते 30 जणांना दोन्ही बाजूंना त्रास होतो. काही वेळा गाल अजिबात सुजत नाहीत. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा अशा जागेच्या दुखण्याबद्दल घरी बोलायला लाजतो, आणि इथे लाज फार महाग पडू शकते. वृषणाला पीळ पडला तरी दुखणे असेच असते. तो पीळ साधारण 6 तासांत सोडवला नाही तर वृषण वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते. डॉपलर सोनोग्राफीत दोहोंतला फरक कळतो: दाहात रक्तप्रवाह वाढलेला असतो, पीळ पडला असेल तर तो मंदावलेला किंवा थांबलेला. गालगुंडाची साथ असली तरी पिळाची शंका आधी दूर करायची असते.

विषाणूवर थेट औषध नाही. अंथरुणात विश्रांती, लंगोटाचा आधार, कापडात गुंडाळलेला बर्फ आणि वेदनाशामक गोळ्या यांवर आठवडाभरात आराम पडतो. स्टेरॉइडने दुखणे कमी होते, पण वृषण आकसणे टळत नाही.

दाह झालेल्या वृषणांपैकी 30 ते 50 टक्के पुढे थोडीफार आकसतात. डॉक्टर हे मण्यांच्या माळेने मोजतात. 1 ते 25 मिलिलिटरपर्यंतचे बारा लंबगोल मणी एका दोऱ्यात ओवलेले असतात. एका हाताने वृषण चाचपायचे, दुसऱ्या हाताने जुळणारा मणी शोधायचा. आकसले म्हणजे मूल होणार नाही, असे नाही. प्रजननक्षमता कमी होण्याचे प्रमाण सुमारे 13 टक्के मानले जाते आणि पूर्ण वंध्यत्व विरळा. ते बहुतांशी दोन्ही वृषणे बाधित झालेल्यांत दिसते. शुक्राणू घडायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे आजारानंतर लगेच केलेल्या वीर्यतपासणीवरून निष्कर्ष काढू नये. तीन महिन्यांनी, आणि गरज पडल्यास पुन्हा काही महिन्यांनी ती करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या निकषांत एका मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरली आहे.

मूल होत नाही म्हटल्यावर आपल्याकडे सुनेच्या सोनोग्राफ्या, गोळ्या, उपासतापास सुरू होतात आणि नवऱ्याची साधी, स्वस्त वीर्यतपासणी वर्षानुवर्षे राहून जाते. ही तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी, आणि कॉलेजच्या वयात गालगुंड झाले होते का, हा प्रश्नही त्याच वेळी विचारायला हवा. लैंगिक क्षमता आणि शुक्राणूंची संख्या या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी ठरत नाही. वीर्यात शुक्राणू नसले तरी काहींच्या वृषणातून ते काढता येतात आणि एकेक शुक्राणू बीजांडात सोडण्याच्या, 1992 पासून यशस्वी ठरलेल्या तंत्राने गर्भधारणा होऊ शकते.

इतर विषाणूंचे पुरावे असे सरळ नाहीत. फ्लू, डेंग्यू किंवा कोविडच्या तापानंतर शुक्राणूंची संख्या व हालचाल काही आठवडे घटते आणि बहुधा पूर्ववत होते. कोविडच्या लसीने नपुंसकत्व येते ही अफवा भारतभर फिरली, तिला आधार नव्हता. डासांमार्फत पसरणाऱ्या झिका विषाणूने उंदरांची वृषणे आकसल्याचे 2016 मध्ये दिसले. माणसात तसे सिद्ध झालेले नाही, पण विषाणू वीर्यात टिकतो आणि समागमातून पसरतो, म्हणून पुरुषांना तीन महिने निरोध वापरायला सांगतात. महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला आढळला होता.

गालगुंडाची लस अमेरिकी लसशास्त्रज्ञ मॉरिस हिलमन यांनी स्वतःच्या मुलीच्या, जेरिल लिनच्या, घशातून 1963 मध्ये घेतलेल्या विषाणूपासून तयार केली. 1967 मध्ये ती अमेरिकेत वापरात आली. 2005 मध्ये ब्रिटनमध्ये मोठी साथ आली तेव्हा रुग्णांत भरणा होता तो लहानपणी पुरेशी लस न मिळालेल्या कॉलेजवयीन मुलांचा. भारताच्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना गोवर-गालगुंड-रुबेला या तिहेरी लसीचे तीन डोस सुचवते: 9 व 15 महिन्यांना आणि 4 ते 6 वर्षांच्या दरम्यान, ते बहुधा खासगी दवाखान्यात पैसे मोजून घ्यावे लागतात. लहानपणी लस राहून गेलेल्या तरुणांना निदान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस देता येतात.